तेविसावं नको म्हणाली होतीस

ताई, तेविसावंच वाचलं. घे.

नुसतं वाचलं नाही, छापून वाचलं. गुळगुळीत कागद, वर तुझा फोटो, खाली दोन गुलाब आणि मधोमध ठळक अक्षरात 'स्तोत्र तेवीस'. तू दोनदा माझा हात धरून बजावलं होतंस. माझ्या शवपेटीपाशी तेविसावं वाचायचं नाही, अठ्ठ्याऐंशीवं वाचायचं, अख्खं वाचायचं, आणि संपल्यावर कुणी 'पण' म्हणायचं नाही. मी हो म्हटलं होतं. आणि तरी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून मी ते मेंढपाळाचं, हिरव्या कुरणांचं आणि संथ पाण्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उठले नाही, तोंड उघडलं नाही. वर्गात पन्नास पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई मी, आणि त्या दिवशी माझीच दातखीळ बसली.

वीस वर्षं मी तुला 'अहो ताई' म्हणत आले. नवऱ्याची मोठी बहीण, त्यात देवळाली कॅम्पातल्या दवाखान्यातली सिस्टर. तुला अगं-तुगं करायची माझी काय टाप होती! पण आज अहो-जाहो जमत नाही. इतक्या रागात कुणाला जमेल? आणि तू आता मला डोळे वटारून दाखवू शकत नाहीस.

एस्तेरबाई शेजारून येऊन सांगून गेल्या, गेलेल्या माणसावर राग धरू नये, ताई प्रभूपाशी आहेत. आहे ना? मग तर बरंच आहे, तिथून नीट ऐकू येत असेल. ऐक.

मी या शरणपूरच्या घरात सून होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, ही माणसं जरा चक्रम आहेत. संध्याकाळी सात वाजले की स्टोव्ह बंद, रेडिओ बंद, आणि स्तोत्रसंहिता उघडायची. दीडशे स्तोत्रं, रोज एक, ओळीनं. संपली की परत पहिल्यापासून. रीत सासूबाईंची, पण त्या गेल्यावर तू ती हवालदारासारखी चालवलीस. पाळ्या ठरलेल्या होत्या. एक दिवस तुझी, एक दिवस माझी, एक दिवस शमूची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. ज्याच्या पाळीला जे येईल ते त्यानं वाचायचं. वगळायचं नाही, पुढचं डोकावून बघायचं नाही. 'आजचं आज, पुढचं उद्या,' एवढं बोलून तू पुस्तक मिटायचीस आणि मिटताना आत खूण म्हणून गॉजची पट्टी ठेवायचीस. फीत आणून दिली तर म्हणालीस, 'फीत घसरते, गॉज घसरत नाही.'

माझ्या माहेरी, सटाण्याला, असलं काही नव्हतं. आमची ठरलेली पाच-सहा गोड स्तोत्रं होती, तीच आलटूनपालटून. म्हणून एकदा पाहुणे असताना मी तुला हळूच म्हटलं, "अहो ताई, आज जरा बरंसं वाचू या का?"

"बरंसं म्हणजे गं काय? भाजी आहे का निवडून घ्यायला?"

तुझ्या मावसबहिणीचं लग्न आठवतं? हळदीच्या दिवशी नवऱ्याकडची माणसं आपल्या ओट्यावर आणि ओट्यावरून घरात, चहाचे कप हातात. सात वाजले. मला वाटलं, आजच्या दिवस तरी जाऊ देशील. कसलं काय! तू पुस्तक उघडलंस आणि निघालं एकशे नववं. शत्रूला शिव्याशाप देणारं, त्याची पोरंबाळं दारोदार भीक मागू देत म्हणणारं. तू ते शेवटच्या शब्दापर्यंत वाचलंस, जराही आवाज न बारीक करता. व्याह्यांचा चहा बशीतच राहिला. मी आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसत होते. आणि तू पुस्तक मिटून म्हणालीस, "जे आलं ते वाचलं. पेढे घ्या."

बघ, रागात असताना हे आठवतं आणि हसू येतं, म्हणून अजून राग येतो.

मिनूचं सांगायला हवं. आपल्या घरात कुणी तिचं नाव मोठ्यानं घेत नाही, पण इथे मी घेणार. माझी मिनू, सात वर्षांची, शहाण्णव साली तीन दिवसांच्या तापात गेली. ताप मेंदूत गेला म्हणाले. तीनही रात्री तू ड्यूटी करून आल्यावर तिच्या उशाशी बसलीस, मला झोपवलंस. मी उठले तेव्हा तू तिचे केस विंचरत होतीस, आणि ते का विंचरत होतीस हे मला तुझ्याकडे बघूनच कळलं.

माझे आई-वडील सटाण्याहून यायचे होते म्हणून तिला दुपारपर्यंत ठेवलं. बर्फाच्या लाद्या आणल्या होत्या. चारला माती दिली. घर भरून माणसं, आणि सगळ्यांच्या तोंडात एकच. देवाला चांगली फुलं लवकर लागतात. लागतात तर स्वतःच्या बागेत लावावीत ना! असं मनात आलं होतं, पण बोलले नाही. तेव्हाही बोलले नाही.

सात वाजले. तू घड्याळाकडे पाहिलंस आणि मला वाटलं, ही आता वाचणार की काय. वाचायचंच होतं. पाळी शमूची होती. त्यानं पुस्तक घेतलं, गॉजची पट्टी काढली. एकशे अठ्ठेचाळिसावं. सूर्यानं स्तुती करावी, चंद्रानं करावी, डोंगरांनी, फळझाडांनी, गारांनी करावी, बर्फानं करावी. तिथे तो थांबला. 'बर्फ' म्हणाला आणि पुढे आवाजच फुटेना. मी उठून त्याच्या हातातलं पुस्तक ओढलं आणि भिरकावलं. ते दिवाणाखाली गेलं. बायका 'अगंबाई' करून उठल्या. कोपऱ्यात बसलेली माझी आई तिच्या सटाण्याच्या बोलीत एकदम ओरडली, "देव बहिरा शे का? बहिरा शे का तो?" एस्तेरबाई तिला दाबू लागल्या, असं बोलू नये आजी, असं बोलू नये, पाप लागतं.

आणि तू म्हणालीस, "बोलू दे त्यांना. शास्त्रात विचारलंय हे."

तू गुडघ्यावर बसून दिवाणाखाली हात घातलास, पुस्तक काढलंस, साडीला पुसलंस. आणि तू, जिनं हळदीला शिव्याशाप वाचले पण ओळ मोडली नाही, तीच तू पानं मागे उलटलीस. साठ पावलं मागे जाऊन अठ्ठ्याऐंशीवं काढलंस. मला वाटलं होतं, काहीतरी गोड काढशील. ते गोड नव्हतंच. त्यात एक माणूस रात्रंदिवस हाका मारतोय आणि वरून उत्तर नाही. तो देवाला खडसावून विचारतो, मेलेली माणसं उठून तुझी स्तुती करणार आहेत का रे? तोंड का लपवतोस? माझी जिवाभावाची माणसं तूच तोडलीस, तूच. आणि शेवट अंधारात. दुसरी स्तोत्रं कितीही रडली तरी शेवटी डोळे पुसतात, हे पुसतच नाही. तू तिथेच थांबलीस. आमेनसुद्धा म्हटलं नाहीस. पुस्तक मिटून म्हणालीस, "आजचं आज."

ताई, त्या दिवशी मला जे मिळालं त्याला धीर म्हणतात हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हा एवढंच कळलं की मला जे ओरडायचं होतं ते आधीच कुणीतरी लिहून ठेवलंय, आणि ते पवित्र शास्त्रात, चामडी बांधणीत, सोनेरी कडांच्या पानांत आहे. म्हणजे ते बोलले म्हणून मला कुणी घराबाहेर काढणार नव्हतं. मी त्या रात्री जेवले. तू कालवलेला दहीभात, तुझ्याच हातून.

दुसऱ्या दिवशी तू निमूटपणे एकशे एकोणपन्नासावं वाचलंस. ओळ मोडली ती एका दिवसापुरती. पण शमूनं मात्र त्यानंतर पुस्तक हातात घेतलं नाही. त्याची पाळी आली की कधी घसा बसलेला, कधी चष्मा सापडायचा नाही. तू एका शब्दानं बोलली नाहीस. 'दे इकडे' म्हणायचीस आणि त्याची पाळी वाचून टाकायचीस. नऊ वर्षं.

मी तुझ्याशी वाद घालायचे, आठवतं ना? भांडी घासताना. "अहो ताई, जो ऐकत नाही त्याला बोलून काय उपयोग? भिंतीला बोलल्यासारखं." तू विसळलेलं पातेलं माझ्या हातात देत म्हणालीस, "मंदे, वॉर्डात जो पेशंट बोंबलतो त्याची मला काळजी नसते. त्याच्यात जीव आहे. जो बोंबलायचा थांबतो ना, त्याच्याकडे मी पळते."

आता माझं ऐक. नीट ऐक, कारण मुख्य भांडण इथे आहे.

तू स्वतः बोंबलायची थांबलीस. आठ महिने! छातीत गाठ आहे हे तुला आठ महिने ठाऊक होतं. तू नर्स होतीस ताई, पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या गाठी चाचपून डॉक्टरकडे हाकललंस बायकांना. नळावरची बादली तू कायम डाव्या हातानं उचलायचीस, ती उजव्या हातानं उचलायला लागलीस तेव्हा मी विचारलं. "सांधे गं. वय झालं." मी तुला तेल चोळून दिलं! खांद्याला! मूर्खासारखी रोज संध्याकाळी गरम तेल चोळत बसले आणि तू 'बरं वाटतंय' म्हणत राहिलीस. एक वीत खाली काय आहे ते सांगितलं नाहीस. कळलं तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली.

मी तुझ्यावर ओरडले त्या दिवशी. दवाखान्याच्या जिन्यात, लोक बघत होते. "का नाही सांगितलं?" तू म्हणालीस, "मिनूच्या वेळी शमूचं काय झालं ते पाहिलंय ना. परत दवाखाना दाखवायचा होता का त्याला?"

हात मेले! याला काय प्रेम म्हणू मी? शमूला दवाखाना दाखवायचा नव्हता, म्हणून आता काय दाखवलंस त्याला? आणि मी कोण होते? मी काय भाडेकरू होते का? मला सांगता आलं असतं. मी पळत आले असते. जी बाई बोंबलायची थांबते तिच्याकडे पळायचं, हे तूच शिकवलंस आणि स्वतःच्या वेळेला पळायला कुणाला ठेवलंस? हे मी तुला विचारणार होते. पण तू दिवसेंदिवस बारीक होत गेलीस आणि माझ्याच्यानं विचारवेना. ते विचारायचं राहिलं. ते राहिलं याचा मला जितका राग आहे तितका कशाचाच नाही.

मागितलंस काय, तर एक स्तोत्र. दुसऱ्यांदा हात धरलास तेव्हा बोटांत ताकद नव्हती. म्हणालीस, "सगळे येऊन मला गोड गोड करतील. मी काही गोड मेले नाही मंदे. मला दुखतंय. मला अजून जगायचं होतं. हे कुणीतरी देवाच्या तोंडावर म्हणायला पाहिजे, माझ्या वतीनं." मी म्हटलं, म्हणेन.

आणि मग तू गेलीस. आपले नवे पाळकसाहेब घरी आले. बिचारे तरुण आहेत, चांगले आहेत. आपल्या मंडळीत वाचन कुठलं ते घरच्यांनी सांगायचं असतं. मी सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, लोकांना धीर मिळाला पाहिजे. ते स्तोत्र जरा जड पडतं. त्याला शेवटच नाही." मी शमूकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "राहू दे मंदा. तेविसावं सगळ्यांना पाठ आहे. लोक काय म्हणतील?" संध्याकाळी कागद छापून आला. त्यावर ते गुलाब.

चर्चमध्ये बसल्यावरही मी अजून उठून उभी राहू शकत होते. शास्त्र माझ्या पिशवीत होतं. पण मी घाबरले, ताई. तुझ्यावर चिडले होते आणि लोकांना घाबरले होते, दोन्ही एकाच वेळी. एक क्षण तर असंही वाटलं की तू आठ महिने तोंड उघडलं नाहीस, मग मी तुझ्यासाठी का उघडू? हे खरं आहे म्हणून लिहितेय. इतकी मी वाईट आहे.

तर आता कालचं.

काल घरची प्रार्थनासभा होती, तुला जाऊन सात दिवस झाले म्हणून. ओट्यावर सतरंजी, आत खुर्च्या, एस्तेरबाई, कॅम्पातल्या तुझ्या दोन जुन्या सिस्टर, पाळकसाहेब. गाणी झाली, चार माणसं तुझ्याबद्दल बोलली. तू किती हसतमुख होतीस, कधी कुरकुर केली नाहीस. हसतमुख? तू? बसमध्ये सुट्टे न देणाऱ्या कंडक्टरला नाशिकरोडपर्यंत झापणारी तू? मला ते ऐकवेना. मी घड्याळाकडे पाहिलं. सात वाजले होते.

मी उठून पुस्तक आणलं. गॉजची पट्टी एकसष्ट आणि बासष्टच्या मध्ये होती, तू शेवटचं वाचलंस तिथे. त्या दिवसापासून आपल्या घरात कुणी वाचलं नव्हतं. मी म्हटलं, "ताईंनी एक वाचन सांगितलं होतं. ते राहिलंय." पाळकसाहेब जरा पुढे झुकले. शमू म्हणाला, "मंदा." मी त्याच्याकडे बघितलं नाही. अठ्ठ्याऐंशीवं काढलं आणि सुरू केलं.

अर्ध्यापर्यंत नीट गेले. वर्गातला आवाज लावला होता. मेलेल्यांनी उठून स्तुती करायची का, इथे तर माझा आवाज चढला, तुझ्यासारखाच. मग ते आलं, माझी माणसं तू माझ्यापासून लांब नेलीस, आणि मला मिनूचे विंचरलेले केस दिसले, आणि तुझा खांदा, आणि तेलाची वाटी. अक्षरं दिसेनात. मी नुसतीच उभी. कुणी खोकलं. एस्तेरबाई हळूच म्हणाल्या, "राहू दे बाई, तेविसाव्यानं संपवू."

तेवढ्यात माझ्या हातातलं पुस्तक कुणीतरी घेतलं. शमूनं. चष्मा होता, खिशातच होता. त्यानं बोट ठेवून ओळ शोधली आणि मी सोडलं तिथून वाचायला लागला. अडखळत, शाळकरी पोरासारखं, एकेक शब्द. नऊ वर्षांनी त्याचा वाचतानाचा आवाज ऐकला मी. तो शेवटपर्यंत गेला, त्या अंधारापर्यंत, आणि थांबला. आमेन म्हटलं नाही. पाळकसाहेबांनीही म्हटलं नाही, त्यांना शाबासकी द्यायला हवी. तुझ्या दोन सिस्टर मोठ्यानं रडत होत्या. कुणीही 'पण' म्हणालं नाही.

वाचलं, ताई. सात दिवस उशिरानं, पण अख्खं वाचलं.

सगळे गेल्यावर मी चहाचे कप गोळा करत होते. शमू पुस्तक मांडीवर घेऊन तसाच बसला होता. त्यानं गॉजची पट्टी बासष्टाव्यात नीट सरकवली आणि विचारलं, "उद्या पाळी कुणाची?"

मी मोजलं. म्हटलं, "ताईंची."

त्यानं चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मग म्हणाला, "माझ्या इतक्या वाचल्या तिनं. उद्याची मी वाचतो."

मी कप तसेच ठेवून मोरीत जाऊन रडले. हे ऐकायला तू हवी होतीस. नऊ वर्षं तू ज्याची वाट बघितलीस ते तुला पुरल्यावर झालं, आणि आठ महिने आधी तोंड उघडलं असतंस तर कदाचित तुझ्यासमोर झालं असतं. हे मी तुला माफ केलेलं नाही. करेन का, ठाऊक नाही. तू ते अठ्ठ्याऐंशीवं वाचलंस म्हणून मी तेव्हा जगले, हेही तितकंच खरं आहे, आणि दोन्ही खरी असल्यामुळे माझं डोकं फिरायची वेळ आलीय.

आज संध्याकाळी सात वाजता बासष्टावं आहे. मी नियम मोडून डोकावून बघितलं. त्यात तो माणूस म्हणतो, माझा जीव देवापुढे गप्प राहून वाट बघतो. शमू वाचेल, मी ऐकेन. पण गप्प मी काही बसायची नाही.